गुरूचें बिंब व कॅमेऱ्याचा पडदा

दुर्बीण घरांत आली म्हणजे पहिले चार दिवस मोठ्या कौतुकाचे जातात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्व मंडळी गच्चीवर जमतात. गुरूचे पट्टे, शनीचें कडें व चंद्रावरील विवरें पाहून सर्वांचें समाधान होतें. मग घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी दुर्बिणीस कॅमेरा जोडून तेंच दृश्य टिपूं पाहते, आणि हातीं काय येतें? काळ्या फळ्यावर खडूचा एक पांढरा ठिपका! पट्टे नाहींत, कडें नाहीं, कांहीं नाहीं. वडील मंडळींपैकीं कोणीतरी "एवढे पैसे याचसाठीं घातले काय?" असें बोलून जातें, आणि महिन्याभरांत दुर्बीण माळ्यावर चढते. वास्तविक दोष मुलाचा नसतो, दुर्बिणीचाहि नसतो. पडदा किती वेळ उघडा ठेवावा, म्हणजे एक्स्पोझर किती द्यावें, हा एक हिशेब तेवढा चुकलेला असतो. तो हिशेब आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

कॅमेऱ्यास आपल्या मतानें वेळ ठरवूं दिला म्हणजे तो बहुधा सबंध चौकटीचा सरासरी उजेड पाहतो. चौकटींत जवळजवळ सारा काळोखच. तेव्हां दृश्य अंधारें आहे अशी समजूत करून घेऊन तो पडदा फार वेळ उघडा ठेवतो. परंतु ज्या ग्रहाचें चित्र घ्यावयाचें तो अंधारांत नाहींच. आपल्याकडे रात्र असली तरी गुरूची जी बाजू आपण पाहतों तिच्यावर दिवस आहे. तेथें सूर्याचें ऊन पडलेलें आहे. म्हणून हें रात्रीचें चित्र नसून दुरून घेतलेलें उन्हाचें चित्र आहे, ही गोष्ट प्रथम मनांत ठसली पाहिजे.

आतां हें ऊन किती, तें पाहूं. पृथ्वीचें सूर्यापासूनचें अंतर 1 मानलें तर गुरूचें 5.2 व शनीचें 9.5 भरतें. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. अर्थात् गुरूवरील ऊन आपल्या उन्हाचा सत्ताविसावा हिस्सा व शनीवरील नव्वदावा हिस्सा. उलटपक्षीं या दोन्ही ग्रहांवरील ढग चंद्रावरील काळसर धुळीच्या सुमारें चौपट प्रकाश परत पाठवितात. दोहोंचा मेळ घातला म्हणजे सारख्या क्षेत्रफळापुरतें पाहतां गुरूचें बिंब पौर्णिमेच्या चंद्राच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकें व शनीचें विसाव्या-बाविसाव्या हिश्श्याइतकें तेजस्वी ठरतें. ग्रह आपल्यापासून जवळ आहे कीं दूर, याचा येथें फारसा संबंध नाहीं. तो दूर गेला म्हणजे प्रकाश ज्या मानानें घटतो त्याच मानानें बिंबाचें क्षेत्रफळहि घटतें, आणि बिंबाची चकाकी होती तेवढीच राहते.

छायाचित्रकारांचा एक जुना नियम येथें कामीं येतो. नाभीय अंतरास भिंगाच्या व्यासानें भागिलें असतां जो आंकडा येतो तो 11 असेल व कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, म्हणजे आय. एस. ओ., 100 असेल, तर पूर्ण चंद्रास सेकंदाचा शंभरावा हिस्सा पुरतो. ग्रहाचें चिमुकलें बिंब मोठें करण्यासाठीं दुर्बिणीस आणखी एक भिंग जोडून हा आंकडा 22 केला, तर प्रकाश चौथाईवर येतो. चंद्रास 1/25 सेकंद लागतो, गुरूस सुमारें पाव सेकंद व शनीस पाऊण सेकंदाहून थोडा अधिक. आमच्या विद्यार्थ्यांस त्रैराशिक शिकवितांना असें उदाहरण हाताशीं असतें तर फार बरें झालें असतें!

मात्र पाव सेकंदहि येथें फार होतो. वाहत्या पाण्याच्या तळाशीं पडलेला पैसा जसा हलतो, लांबतो, मध्येंच क्षणभर स्वच्छ दिसतो, तसेंच आपल्या डोक्यावरील हवेमुळें ग्रहाचें होतें. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यागणिक हें रूप बदलत असतें. पाव सेकंदांत अशीं अनेक रूपें एकावर एक सांचतात आणि चित्र फिसकटतें. यास्तव संवेदनक्षमता सोळापट, म्हणजे 1600, करावी. गुरूचा वेळ 1/60 सेकंदावर येतो, शनीचा 1/20 च्या आसपास. हवा फारच चंचल असल्यास याहूनहि कमी करावा.

असें केल्यानें चित्र दाणेदार येतें, ही तक्रार खरी. पण तिला उपाय आहे. एकाच बाकाची लांबी चाळीस मुलांकडून मोजवून सरासरी काढली तर एकेकाची चूक जशी विरून जाते, तशींच शेंकडों चित्रें एकावर एक रचून सरासरी घेतली म्हणजे दाणा विरतो. 1600 चित्रें घेतलीं तर दाणा सुमारें चाळिसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून हल्लीं एक चित्र न घेतां दोन-तीन मिनिटांचें चलच्चित्र घेतात. त्यांतील हजारों चौकटींतून हवा शांत असतांनाच्या तेवढ्या निवडून ऑटोस्टॅकर्टसारखी संगणकीय आज्ञावली त्या एकत्र जुळविते. असा शांत क्षण लाभण्याचा संभव किती, याचें गणित डेव्हिड फ्रीड यांनीं 1978 सालीं मांडलें. चलच्चित्र मात्र याहून फार लांबवूं नये, कारण गुरु स्वतःभोंवतीं दहा तासांच्या आंतच फिरतो आणि त्यावरील खुणा सरकूं लागतात.

एका चौकटींत दोन ग्रह आले तर काय करावें? 21 डिसेंबर 2020 रोजीं गुरु व शनि एकमेकांपासून अवघ्या सहा कलांवर आले होते. इतकी जवळची युति त्यापूर्वीं 1623 सालीं झाली होती. एकाच पंक्तीस बसलेले हे दोन पाहुणे. पण एकाची भूक दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक! शनीस पुरेल इतका वेळ दिला तर गुरु पांढराफटक पडे. गुरूस साजेल इतका दिला तर शनि मंद राही आणि गुरूचे चंद्र दिसतील न दिसतील. अशा वेळीं जो तेजस्वी त्याच्या मानानें वेळ ठरवावा. मंद उतरलेली खूण मागाहून उजळतां येते. पांढऱ्या डागांत बुडालेली खूण कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहीं. किंवा दोघांचीं निराळीं चित्रें घेऊन तीं जोडावीं, आणि जोडलीं आहेत असें चित्राखालीं स्पष्ट लिहावें.

हें शेवटचें वाक्य आम्ही मुद्दाम लिहिलें आहे. 1905 सालीं अमेरिकेंतील लोवेल वेधशाळेंत कार्ल लॅम्पलंड यांनीं मंगळाचीं पुष्कळ चित्रें मोठ्या चिकाटीनें घेतलीं. त्या चिमुकल्या, दाणेदार बिंबांवर पर्सिव्हल लोवेल यांस आपले आवडते कालवे दिसले. पुढें 1971 सालीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलेल्या मरिनर 9 या यानानें त्या ग्रहाचा नकाशा काढला. कालवा एकहि निघाला नाहीं. चित्रणाचें कसब उत्तम होतें. परंतु मनांतील रेघ चित्रांत शोधली गेली. आजची आज्ञावली तर चित्र रेखीव करतां करतां नसलेलें कडें वा पट्टाहि उमटवूं शकते. तेव्हां जें अनेक चित्रांत पुनःपुन्हां दिसेल तेंच खरें मानावें.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. स्वयंचलित मापन बंद करावें. ग्रह आकाशांत उंच चढेपर्यंत थांबावें, कारण क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो. दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवून निवूं द्यावी. बिंबाचा अत्यंत उजळ भाग कॅमेऱ्याच्या मर्यादेच्या सुमारें सत्तर टक्क्यांपर्यंतच जाऊं द्यावा. पडद्यावर चित्र थोडें काळसर वाटलें तरी घाबरूं नये. आणि प्रत्येक रात्रीं वहींत तिथि, वेळ, ग्रह, संवेदनक्षमता, पडद्याचा वेळ व हवेची स्थिति लिहून ठेवावी. पांच-सहा रात्रींनंतर ती वहीच आपल्या गच्चीचें पंचांग होते.

वडील मंडळींस आमची एवढीच विनंति कीं, पहिला पांढरा ठिपका पाहून हंसूं नये. वेळ चौपट कमी करून पुन्हां घे, असें मुलास सांगावें व त्याच्या शेजारीं दहा मिनिटें उभें राहावें. बहुधा त्याच रात्रीं गुरूचे दोन पट्टे घरांतील सर्वांस चित्रांत दिसतील.