रोख घ्या, पण शेजार नको!

दिवाळीच्या अंकात घरांचे रडगाणे कशाला, असे चकली मोडता मोडता कोणी तरी म्हणणारच. म्हणोत बापडे! लक्ष्मी यावी म्हणून आपण उंबरठ्यावर पावले काढतो; पण त्यासाठी आधी उंबरठा असावा लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2013 मध्ये एक शहाणपणाचा नियम केला. दहा लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर नवी वसाहत उभारायची, तर 20 टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी ठेवावा, आणि ती घरे ‘म्हाडा’च्या सोडतीतून द्यावीत. 2020 च्या एकत्रित नियमावलीनेही हे तत्त्व टाकले नाही. पण नियम आला की त्याच्या पाठोपाठ पळवाट येतेच. 4000 ला नियम लागतो काय? मग 3900 चे तुकडे पाडा! नाशिकमध्ये ‘म्हाडा’च्या हाती ही घरे का पडली नाहीत, हा प्रश्न 2022 साली थेट विधान परिषदेत गाजला.

महापालिकेत हा विषय निघाला की दोन युक्तिवाद ठरलेले. पहिला असा की, या घरांचा भुर्दंड शेवटी बाकीच्या गिऱ्हाइकांवर पडतो. वा! जणू एरवी बिल्डर खर्चाच्या हिशेबाने भाव लावतो! तो बाजार देईल तेवढा भाव घेतो. छोट्या घरांची अट आधीपासून पक्की असेल, तर तो जमिनीलाच कमी पैसे देईल; म्हणजे झळ लागेल ती जमीनमालकाच्या नफ्याला. आणि ती जमीन सोन्याची झाली कशाने? पुण्याला खडकवासल्याचे पाणी, नाशिकला गंगापूर धरणाचे पाणी, रस्ते, दिवे, गटारे, हे सारे लोकांच्या पैशाने आले. त्या वाढलेल्या मोलातला पाचवा हिस्सा लोकांसाठी मागितला, तर ती लूट कशी? शिवाय ही घरे कोणी फुकट नेत नाही. सोडतीत नाव निघालेला माणूस पैसे मोजूनच किल्ली घेतो.

दुसरा युक्तिवाद मोठा गोड आहे. घरे नकोत, त्यांची रक्कम रोख घ्या, आणि दुसरीकडे कुठे तरी बांधा. अहो, पैसा तिजोरीत जातो आणि शंभर वाटांनी बाहेर पडतो. शहरातली जागा मात्र एकदा गेली की गेली. आणि हे ‘दुसरीकडे’ कसे असते ते मुंबईने पाहिले आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेची बिऱ्हाडे उठवून माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. तिथली हवा अशी की, जायला तयार नसलेल्यांवर सक्ती करू नका, पर्यायी घर नसेल तर दरमहा 15,000 रुपये भाडे द्या, असे 2019 साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

शब्दावर भरवसा ठेवावा, तर पवईची कथा आठवते. 1986 च्या त्रिपक्षीय करारात 40 आणि 80 चौरस मीटरची घरे ठरली होती. उभे राहिले ते श्रीमंतांचे नगर. आधी छोटी घरे बांधा, मग पुढचे बोला, हे 2012 साली न्यायालयाने बजावले. मधल्या सव्वीस वर्षांत एक पिढी भाड्याच्या खोलीत म्हातारी झाली.

पण वाचकहो, सगळे खापर बिल्डरच्या माथी फोडून आपल्याला सुटता येणार नाही. त्याला ठाऊक आहे की, गिऱ्हाइकाला असला शेजार नको असतो. आमच्या संकुलात ‘तसली’ माणसे नकोत. फाटक वेगळे, जिना वेगळा, मुलांचे खेळायचे अंगणही वेगळे, हे आपणच म्हणतो. ज्यांचे आजोबा गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढले, तेच आता नाकाला रुमाल लावतात! स्वयंपाकाची बाई सकाळी सातला हजर हवी, पहारेकरी रात्रभर जागा हवा, पण त्यांनी राहावे मात्र विरारच्या पलीकडे. हा कुठला न्याय?

म्हणून माझे मागणे चार ओळींचे आहे. घरे त्याच वसाहतीत हवीत. त्यांच्या बदली रोख नको. मोजणी तुकड्यांची नको, मूळ जमिनीची हवी. आणि छोट्या घरांच्या किल्ल्या ‘म्हाडा’च्या हाती पडल्याशिवाय मोठ्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नको. उद्या मते मागायला नगरसेवक दारात येईल. त्याला फराळ जरूर द्या. मात्र ताट पुढे करताना विचारा की, तुमच्या प्रभागात अशी घरे किती व्हायला हवी होती, आणि झाली किती?