एआय एजंटला ‘शिरूर’ म्हणजे कोणतं शिरूर, हे कोण सांगणार?

समजा, शिरूर तालुक्यातल्या न्हावरे गावचा एक शेतकरी रात्री फोनवर विचारतो, “उद्या कांदा शिरूरला नेऊ की केडगावला?” एआय सहायक उत्तर देतो, “शिरूरमध्ये भाव १४०० रुपये आहे.”

हे १४०० रुपये कशाचे? सरकारी आकडे क्विंटलचे असतात. पुणे जिल्ह्यात कांद्याचा भाव बोलला जातो दहा किलोचा, म्हणजे इथे १४० रुपये. बरं, शिरूर तरी कोणतं? पुणे जिल्ह्यातलं, म्हणजे जुनं घोडनदी? की बीडमधलं शिरूर कासार? की लातूरमधलं शिरूर अनंतपाळ? केडगावचंही तेच. एक दौंड तालुक्यात आहे, दुसरं अहिल्यानगर शहरात.

पिकअपचं भाडं देऊन माल चुकीच्या बाजारात गेला, तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. आणि अशी चूक होते तेव्हा दोष दरवेळी एआय मॉडेलचाच असतो असं नाही. बऱ्याचदा मॉडेलच्या हातात दिलेल्या टूलचं वर्णनच अर्धवट असतं.

एजंट टूल कसं निवडतो?

नुसता चॅटबॉट गप्पा मारतो, एजंट कामं करतो. त्यासाठी त्याला टूल्स लागतात. एक बाजारभाव आणणारं, एक हवामान सांगणारं, एक तिकीट शोधणारं. ओपनएआयने जून २०२३ मध्ये मॉडेलला अशी टूल्स जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने त्यासाठी एमसीपी नावाची खुली पद्धत आणली. दोन्हीकडे मूळ गोष्ट सारखीच आहे. टूलच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. तेवढ्यावर तो ठरवतो.

एमसीपीने साचा ठरवून दिला, पण त्यात काय लिहायचं हे लिहिणाऱ्यावरच सोडलं.

आता केंद्र सरकारच्या डेटा पोर्टलवरचे रोजचे बाजारभाव घ्या. त्यात राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख आणि किमान, कमाल व ‘मोडल’ दर असे रकाने आहेत. एखाद्या डेव्हलपरने यावर टूल बनवलं आणि वर्णनात लिहिलं, “बाजारभाव आणतं.” त्याला स्वतःला बाकीचं सगळं माहीत आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने काम झालं. एजंटला मात्र काहीच माहीत नाही.

तेच वर्णन असं लिहिता येईल:

“महाराष्ट्रातल्या बाजार समितीचा एका दिवसाचा भाव देतं. दर रुपये प्रति क्विंटल. मोडल म्हणजे ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला तो दर. जिल्हा देणं बंधनकारक, कारण एकाच नावाची अनेक गावं आहेत. नोंद मिळाली नाही तर बाजार बंद होता असं समजू नये. जुना भाव दिल्यास तारीख सांगावी. उद्याच्या भावाचा अंदाज यातून मिळत नाही.”

यातलं नोंदीबद्दलचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. समितीने त्या दिवशी आकडे भरले नाहीत, तर टूल रिकाम्या हाताने परत येतं. अशा वेळी मॉडेल काहीतरी जुळवून सांगण्याची शक्यता वाढते. चुकीचा संदेशही उपयोगी हवा. “त्रुटी ४००” वाचून एजंटने काय करायचं? “या नावाची अनेक ठिकाणं आहेत, जिल्हा द्या” असं आलं, तर तो शेतकऱ्याला परत विचारू शकतो.

दौंडला हाच घोळ रेल्वेत होऊ शकतो. दौंड जंक्शनचा कोड डीडी, दौंड कॉर्ड लाइनचा डीडीसीसी, आणि ही दोन वेगळी स्थानकं आहेत. तिकीट शोधणाऱ्या टूलमध्ये हे लिहिलेलं नसेल, तर प्रवासी एका स्थानकात आणि गाडी दुसऱ्या.

मग सगळंच लिहून टाकायचं का? तसंही नाही. जोडलेल्या टूल्सची वर्णनं साधारणपणे प्रत्येक संवादात मॉडेलला वाचावी लागतात. ती पानभर झाली तर खर्च वाढतो, गोंधळही वाढतो. दोन टूल्सची वर्णनं सारखी असली, तर चुकीचं उचललं जातं.

राज्य सरकारने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद आहे. कृषी विभागाच्या ‘महाविस्तार’ ॲपमध्ये मराठीत प्रश्न विचारता येतात. पण अशा यंत्रणांच्या पोटातल्या चार ओळींचं उद्घाटन होत नाही, त्यामुळे त्या कोण लिहितं याकडे लक्ष जात नाही. खरं तर त्या लिहिताना डेव्हलपरच्या शेजारी आडतीवरचा दिवाणजी किंवा सहाय्यक कृषी अधिकारी बसायला हवा. “दहा किलोला काय?”, “पिशवीमागं किती?” असे लोक विचारतात तसे वीस-पंचवीस प्रश्न टाकून एजंट कुठे अडखळतो ते बघायला हवं.

आणि हे काम एकदा करून संपत नाही. अहमदनगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. जुन्या नोंदी जुन्या नावाने आहेत. दोन्ही नावं एकाच जिल्ह्याची आहेत हे टूलमध्ये लिहिलेलं नसेल, तर तिथला जुना भाव एजंटला सापडणारच नाही.