पदवी आणि कौल

ब्रिटनने २०१६ साली युरोपीय संघाविषयी जो सार्वमताचा कौल घेतला, त्यात पदवीधरांचा ओढा बहुतांशी संघातच राहण्याकडे होता. एवढ्यावरून विद्यापीठच मत घडविते असे अनुमान काढणाऱ्यांनी गोव्याचे दप्तर एकवार चाळावे. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा सवाल १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकर रयतेपुढे आला, तेव्हा त्या भूमीस स्वतःचे विद्यापीठही नव्हते (ते १९८५ साली झाले), आणि निरक्षरासही निवड करता यावी म्हणून फूल व दोन पाने ही चिन्हे योजिली होती. विलीनीकरणास १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. ही विभागणी पदवीच्या रेषेवर नव्हे, तर धर्म, जात, मराठी-कोकणीचा वाद आणि कूळ-भाटकार (जमीनदार) संबंध यांच्या रेषांवर झाली. आणि विलीनीकरणवादी नेते भाऊसाहेब बांदोडकरांना त्याच मतदारांनी काही आठवड्यांतच पुन्हा सत्तेवर बसविले!

मराठवाड्यातील देवगाव रंगारीच्या वाचकांस हे दूरचे वाटू नये. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तो कोणताही कौल न घेता. आमचे विद्यापीठ त्यानंतर, १९५८ साली उभे राहिले. आज मात्र विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात सनद हाच मताचा परवाना ठरतो, आणि आयुष्यभर कपाशीचे भाव अचूक ताडणारा, पण पदवी नसलेला शेतकरी त्या यादीबाहेर राहतो, हे आम्हांस तरी अनाकलनीय वाटते.