'रक्तातच आहे' म्हणून सोडून द्यायचं?

सातारा-सांगलीकडे एखाद्या घरातला पोरगा प्यायला लागला की पारावर निकाल लागलेलाच असतो. "बापाचंच रक्त, दुसरं काय होणार!" बाप दारूपायी गेलेला, आजाही बहुधा पिणारा. बोलणाऱ्यांनी पाहिलेलं खोटं नसतं. चुकतो तो त्यातून काढलेला अर्थ.

व्यसन पिढ्यान्पिढ्या का दिसतं, याचा एक पुरावा 1973 मध्ये डेन्मार्कमधून आला. व्यसनी आईबापांची, पण जन्मानंतर काही आठवड्यांतच दत्तक गेलेली मुलं डॉ. डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी मोठेपणी तपासली. पिणाऱ्या घराशी त्यांचा संबंध राहिलेला नव्हता. तरीही त्यांच्यातल्या 18 टक्क्यांना दारूचं व्यसन जडलेलं आढळलं. इतर दत्तक मुलांत ते प्रमाण 5 टक्के होतं. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांतूनही या जोखमीत साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असल्याचं दिसलं. मात्र डेन्मार्कचाच आकडा उलटून पाहिला, तर व्यसनी आईबापांच्या 100 पैकी 82 मुलांना ते व्यसन लागलं नव्हतं. पारावर या 82 जणांची चर्चा होत नाही.

दारूचं असं एकच जनुक नसतं. अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात, काही तर राखणही करतात. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांच्या शरीरात दारूपासून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड नीट मोडलं जात नाही. दोन घोटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. साहजिकच त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण कमी. व्यसनमुक्तीसाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी हाच परिणाम घडवून आणते. आपल्याकडे कंटाळलेल्या बायका ती नवऱ्याच्या भाजीत गुपचूप कालवतात. त्यांची अगतिकता समजते, पण वरून दारू प्यायली तर हे जिवावर बेतू शकतं. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पिणाऱ्याला सांगूनच द्यायची असते.

जनुकांनी दार किलकिलं केलं, तरी आत शिरून मेंदूची घडी विसकटते ती दारूच. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन 'हे पुन्हा हवं' अशी खूणगाठ बांधतं. दारू, निकोटिन, एमडी (मेफेड्रोन) ही खूणगाठ वाजवीपेक्षा घट्ट करतात. मग बाटली दिसायचीही गरज उरत नाही. उसाचं बिल जमा झाल्याचा मेसेज, दिवेलागण, स्टँडमागची गल्ली, एवढ्यानंही जीव तळमळतो. त्याच वेळी कपाळामागचा, 'थांब' म्हणणारा भाग दुबळा झालेला असतो. पोरांच्या शपथा घालून काही होत नाही, कारण ती शपथ पाळण्याचं काम याच दुबळ्या भागाकडे असतं.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली, तर मेंदूचा तोल उलट्या बाजूला जातो. हात थरथरतात, कधी फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर साप, अंगावर मुंग्या दिसू लागतात, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. मग देवऋषी, अंगारा, उतारा, आणि ज्या तासांत दवाखान्यात जीव वाचला असता ते तास असेच निघून जातात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाबरोबरच 'परिवर्तन'मधून व्यसनमुक्तीचं कामही केलं. भ्रमात बडबडणाऱ्या अशा माणसाच्या खाटेशी ही दोन कामं वेगळी उरत नाहीत.

माळ घालून दारू सोडणारेही या मुलखात कमी नाहीत. पालखी लोणंद-फलटणवरून जाते तेव्हा असे कितीतरी जण चालत असतात. त्या श्रद्धेचा आदरच करावा. माळेबरोबर सोबत बदलते, संध्याकाळ भजनाला जाते, आणि मेंदूला नव्या सवयी लागायला हेच लागतं. पण पुन्हा प्यायलेल्याला 'माळ बाटवली' म्हणून झिडकारणं क्रूर आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर त्याला कुणी पापी म्हणत नाही.

उपचार मात्र हाताशी हवेत. केंद्र सरकारसाठी 'एम्स'नं केलेल्या, 2019 च्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. इकडे 2024 च्या मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडीचा कारखाना सापडला आणि सुमारे अडीचशे कोटींचा माल जप्त झाला. नशा तालुक्यापर्यंत पोचली, मानसोपचारतज्ज्ञ मात्र अजून जिल्ह्याच्या गावीच गाठावा लागतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारांत धरल्या आहेत, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात या उपचारांची सोय मागणं हा हक्क आहे.

यकृत निकामी होऊन दाखल झालेल्या बापाच्या उशाशी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा डबा घेऊन बसलेला असतो. केसपेपरवर बापाचं सगळं लिहिलं जातं, मुलाशी कुणी बोलत नाही. खरं तर त्यालाच बाजूला बसवून सांगायला हवं की, बाळा, तुझी जोखीम इतरांपेक्षा जास्त आहे, मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, तोवर मित्रांच्या आग्रहाला भुलू नकोस. आणि कधी घसरलासच, तर लपवत न बसता कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोणत्या डॉक्टरांकडे यायचं तेही.