हीटर ही चैन नव्हे

वाराणसी कॅन्टोन्मेंटच्या पोस्टिंगमध्ये डिसेंबर-जानेवारीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा कधी निवृत्त सुभेदारसाहेब असतो, कधी महाराष्ट्रातून गाडीने काशी-प्रयाग करायला आलेला पाहुणा. "सर, हीटर कोर गळतोय. मेकॅनिक म्हणतो, डॅशबोर्ड खोलण्यापेक्षा बायपास करून टाकू. करू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. घरापर्यंत पोहोचायला करा. कायमचं ठेवायला नको.

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि पंख्याची हवा त्यावरून गरम होऊन आत येते. तो गळू लागला की गाडीत गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट थर धरतो, पायाखालचं मॅटिंग ओलं होतं. ओल रंगीत आणि चिकट असेल तर ते कूलंट. स्वच्छ पाणी असेल तर बहुधा एसीची नळी तुंबलेली असते. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. मुलं आणि कुत्री त्यापासून लांब ठेवा.

बायपास म्हणजे हीटरकडे जाणारे दोन होस पाइप एकमेकांना जोडून देणं. काम अर्ध्या तासाचं. इंजिन नीट चालतं, म्हणून माणूस विसरतो. घोटाळा इथेच आहे.

पुण्या-नाशिककडे हीटरचं बटण वर्षभर कुणी फिरवत नाही. इथे गंगेच्या मैदानात पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि प्रयागराजच्या हायवेवर पुढचा ट्रक दिसत नाही. बाहेर धुकं आणि आत चार माणसांच्या श्वासाची वाफ गार काचेवर जमलेली. एसी ओलावा काढतो, पण काच गरम करत नाही, आणि त्या थंडीत गार हवा कुणी सोसत नाही. मग एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फडकं. म्हणून मी हीटरला ब्रेक आणि वायपरच्या रांगेत बसवतो.

फौजेत फील्ड रिपेअर आणि वर्कशॉप रिपेअर यांत फरक करतात. तार बांधून, पाइप जोडून गाडी मागे आणणं हे कौतुकाचं काम आहे. पण ती आली की ईएमईच्या वर्कशॉपमध्ये जाते. ती तार तशीच ठेवून पुन्हा कॉन्व्हॉयला लावत नाहीत. आपल्या घरच्या गाडीला मात्र आपण हा नियम लावत नाही.

खर्चाचं म्हणणं खरं आहे. पार्ट लहान, मजुरी मोठी. बऱ्याच गाड्यांत दिवस जातो. म्हणून एकदाच नीट करून घ्या. इंजिन थंड असू द्या. एअरबॅग असल्यास आधी बॅटरी काढायला सांगा. एसीचे पाइप सुटणार असतील तर गॅस यंत्राने काढणाराच कारागीर बघा. होस, क्लॅम्प, ओ-रिंग नवीन घाला. शेवटी हीटर पूर्ण गरमवर ठेवून सिस्टममधली हवा काढून घ्या. आणि बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. कोर आतून सडण्याचं आणि तुंबण्याचं ते मोठं कारण आहे. मॅन्युअलमध्ये दिलेलं कूलंट, दिलेल्या मुदतीत.

बायपास केलेली गाडी विकणार असाल, तर घेणाऱ्याला तेवढं सांगा. तो कदाचित पुढच्या जानेवारीत कुटुंबासह काशीला निघेल.

जय हिंद.