मोकळा कुंचला आणि रोजची वही

जलरंगातले एखादे वाहते, मोकळे चित्र पाहिले की वाटते, हे चार फटकाऱ्यांत झाले असणार. फटकारे बऱ्याचदा खरोखरच मोजके असतात. पण ते कुठे मारायचे आणि कुठे हात आवरायचा, हे कागद ओला होण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. तैलरंगात चुकलेला भाग खरवडता येतो, वर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात कोरा ठेवलेला कागद हाच पांढरा रंग. उजेडाची जागा आधीच राखावी लागते आणि ती एकदा बुजली की तशी परत मिळत नाही. ओल्या कागदावर रंग किती पसरेल हे पाणी आणि हवा ठरवते, शिवाय वाळल्यावर तो फिका पडतो. एवढ्या घाईत छपराची कड कुठे संपते किंवा बैलाची मान कुठून वळते, हे शोधत बसायला वेळ नसतो. ते हाताला आधीच माहीत असावे लागते, आणि ही माहिती रोजच्या रेखाटनाखेरीज दुसऱ्या कशातून मिळत नाही. म्हणून जलरंगातला मोकळेपणा हे रोजच्या वहीचेच फळ आहे, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही वही शाळेतूनच सुरू झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याचा पुरावा आपल्याच चित्रपरंपरेत आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापुरात परतले. तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांच्या निसर्गचित्रांतला हलकेपणा या दीर्घ ओळखीतून आला आहे. सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले चित्र पुष्कळ लोक राजा रविवर्म्याचे समजतात. दिव्यावर हात धरलेली स्त्री आणि बोटांमधून झिरपणारा उजेड हे सारे हळदणकरांनी जलरंगात साधले. त्यांचा जन्म 1882 चा आणि हे चित्र 1940 च्या दशकातले, म्हणजे साठी ओलांडल्यानंतरचे. त्या उजेडामागे उभ्या हयातीचे रेखाटन आहे.

आता हिंगोलीकडे पाहू. शाळेत निसर्गचित्र काढायला सांगितले की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नागमोडी नदी आणि नारळाचे झाड ठरलेले. मुलाने यातले काहीही पाहून काढलेले नसते; ते पाठ केलेले असते. आणि भोवती काय आहे? औंढा नागनाथाच्या मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, दगडी, शिल्पांनी भरलेला. वरचे शिखर नंतरच्या काळातले. त्या भिंतीचे कोन इतके तुटत जातात की सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक थराखाली वेगळी सावली पडते. छायाप्रकाश शिकायला याहून चांगली जागा मराठवाड्यात क्वचितच सापडेल. नर्सीवरून वाहणारी कयाधू पावसाळ्यात गढूळ असते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रातला दगड उघडा पडतो. वसमतकडे हळद काढणीला आली की हिरवी शेते पिवळी-तपकिरी होतात, मग हळद शिजवताना उठणारी वाफ आणि उन्हात पसरलेले ढीग. वाफ हा तर ओल्यावर ओला रंग सोडायचा विषय! इथली हवाही शिकवते. उन्हाळ्यातल्या दुपारी रंग कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच अलीकडचा वाळून कड धरतो, आणि श्रावणात तोच वाळता वाळत नाही. पुस्तकातली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. आपल्या कागदाची नि आपल्या ऋतूची ओळख रोज करून घ्यावी लागते.

रोजच्या सरावाने हात यंत्रासारखा होतो आणि भावना मरते, हा आक्षेप हलका नाही. कॅलेंडरवरचे किंवा मोबाइलमधले चित्र रोज उतरवले तर तसेच होते. समोरच्या जिवंत वस्तूचे मात्र तसे नाही, कारण तेच लिंबाचे झाड चैत्रात आणि पौषात सारखे दिसत नाही. भावपूर्ण जलरंगात निम्मे काम गाळण्याचे असते, आणि जे माहीतच नाही ते गाळणार कसे? नीट न पाहता गाळलेले चित्र मोकळे दिसत नाही, अर्धवट दिसते. फोटो असताना रेखाटन कशाला, हा प्रश्नही इथेच सुटतो. कॅमेरा समोरचे सगळे एकदम टिपतो. पेन्सिल धरणाऱ्याला काय घ्यायचे ते ठरवावे लागते. चित्र घडते ते या निवडीत.

पालकांची हरकत वेगळी असते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट देऊन दहावीला वाढीव गुण मिळाले की पुरे, रोजच्या पानाचे काय करायचे? मला या परीक्षांविषयी आदर आहे. खेड्यापाड्यांत चित्रकला टिकली ती बरीचशी त्यांच्यामुळे. पण त्यांतल्याच स्मरणचित्राच्या पेपरात आठवडी बाजार काढायला आला, तर बाजारात बसून माणसे रेखाटलेले मूल पाठ केलेल्या आकृत्यांवर अवलंबून राहणार नाही. गुणांसाठीसुद्धा वहीच उपयोगी.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण तो रंगांना आणि जाड कागदाला लागू पडतो. रेखाटनाला पेन्सिल आणि एका बाजूने छापलेल्या कागदांची कोरी बाजू पुरते. अडचण शिक्षकांची अधिक आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरतीच. लहान गावांतल्या शाळा त्यातून सुटतात. म्हणून हे काम वर्गशिक्षकालाच हाती घ्यावे लागेल. त्याला स्वतःला चित्र काढता आले पाहिजे असे मुळीच नाही. त्याने दिवसातली दहा मिनिटे द्यावीत, प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिहून घ्यावी, आणि ‘हे तू कुठे पाहिलेस?’ एवढे विचारावे. हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनाला जिल्हाभरातून लोक येतात. तिथे जिल्हा परिषदेने एक दालन या वह्यांसाठी ठेवावे. निवडक चित्रे चौकटीत लावण्याऐवजी पूर्ण वह्या, फसलेल्या पानांसकट, लोकांना हातात घेऊन चाळू द्याव्यात.