मूल उशिरा बोललं, म्हणून खोटं?

कुलाब्याची अँकरेज शेल्टर केस आठवतेय? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी 2006 मध्ये सेशन्स कोर्टाने दोन ब्रिटिशांना दोषी ठरवलं. 2008 मध्ये हायकोर्टाने सोडलं. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा दोषी ठरवलं. साक्षी त्याच, निकाल तीन!

म्हणून अपीलच नको, असं मी म्हणणार नाही. निर्दोष माणूस आत सडू नये यासाठी अपील हवंच. गरज वाटली तर कोर्ट कारणं नोंदवून अपिलातही नवा पुरावा घेऊ शकतं. आधी सीआरपीसीचं कलम 391 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 432 आहे. जुनं हजेरी रजिस्टर, दवाखान्याचा कागद सापडला तर जरूर तपासा, मग तो कुणाच्याही बाजूचा असो.

पण अशा जुन्या केसमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "इतकी वर्षं गप्प का होतास?" अहो, ज्याच्या घरात राहायचं, ज्याच्या हातचं खायचं, त्याची तक्रार पोरगं करणार कुणाकडे? कागद तपासा, साक्षही तपासा. फक्त त्याच्या गप्प बसण्याला खोटेपणाचा पुरावा म्हणू नका.

तुम्हाला काय वाटतं?